सातव्या मजल्यावरचं हळदीकुंकू

चंद्रप्रभाकाकू पहिल्यांदा दिसल्या की माणसाला वाटतं, काय गरीब गाय आहे! चिकनकाम केलेली फिकी साडी, काडीसारखी अंगकाठी, हातात कापडी पिशवी, आणि बोलणं इतकं मऊ की समोरच्याने आपोआप आवाज खाली आणावा. दोन-तीन महिन्यांत तो माणूस शहाणा होतो. मी स्वतः फसलेय, म्हणून छातीठोकपणे सांगते: या बाईइतकी बेरकी आणि खोडकर बाई मी उभ्या उत्तर प्रदेशात पाहिलेली नाही. आणि मी इथे लखनौत कायदा शिकवते, म्हणजे बेरकी माणसांचा मला काही दुष्काळ नाही.

काकू मूळच्या कराडच्या. नवरा फौजेत सुभेदार, त्याच्या मागे भांडीकुंडी बांधत देशभर हिंडल्या. कुठल्याशा बदलीच्या गावी नाटक होतं आणि पुढचे सोफे साहेबांच्या बायकांसाठी राखून ठेवलेले होते. काकू तेव्हा पोटुशी. सरळ जाऊन मधल्या सोफ्यावर बसल्या. कुणीतरी हळूच "तुम्ही मागे बसा" म्हणालं, तर म्हणाल्या, "मी उठते हो, पण आतला उठायला तयार नाही, काय करू?" तीन अंक त्यांनी सोफ्यावर बसून पाहिले. तो आतला आता हवाई दलात आहे आणि आईला फोनवर अजून घाबरतो.

शेवटची बदली लखनौ छावणीत झाली. सुभेदारकाकांना इथला दशहरी आंबा इतका आवडला की कराडला परत जायचं नाव काढेनात, मग छावणीच्या अलीकडच्या आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर घर घेतलं. घर घेतल्यावर दोनच उन्हाळे काकांच्या वाट्याला आले. मुलाने "चल माझ्याकडे" म्हणून पुष्कळ मनधरणी केली, पण काकू राहिल्या त्या राहिल्या. आणि खरं सांगते, त्या राहिल्या म्हणून ही इमारत राहण्यासारखी आहे.

आता सरोजबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिच्या गुडघ्यांवरून झालं. सरोज आमच्या इमारतीत चार घरी काम करते. सातव्यावर काकूंकडे, पाचव्यावर माझ्याकडे, सहाव्यावर सोसायटीचे सेक्रेटरी मधुसूदन बाजपेयी यांच्याकडे, आणि आणखी एका घरी. वय माझ्याएवढंच, पण गुडघे माझ्या आईचे. डॉक्टरने तिला जिने चढायला साफ मनाई केलेली. आणि कामवाल्यांची म्हणून जी मागची सर्व्हिस लिफ्ट होती, ती दिवाळीपासून बंद. विचारलं की बाजपेयी म्हणायचे, "पार्ट आ रहा है." तो पार्ट बहुधा चंद्रावरून यायचा होता.

पुढची लिफ्ट ठणठणीत चालू होती. तिच्याशेजारी पितळी फलक होता आणि त्यावर हिंदीत लिहिलेलं: घरेलू कर्मचारी, डिलिव्हरीवाले और पालतू जानवर सर्विस लिफ्ट का प्रयोग करें. मुख्य लिफ्ट केवल निवासियों और उनके अतिथियों के लिए. मोलकरीण, पिझ्झावाला आणि कुत्रा, तिघांना एका ओळीत बसवलेलं! त्यातही खुबी अशी की कुत्री सर्रास पुढच्या लिफ्टने जायची. कुत्र्यांना कोण बोलणार, त्यांचे मालक समितीवर होते.

तर जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी सरोज पुढच्या लिफ्टमध्ये शिरली. हातात दुधाच्या पिशव्या होत्या आणि बाजपेयींच्याच आईचं, अम्मांचं, औषध होतं. नेमके चौथ्यावर बाजपेयी आत आले. सगळं लखनवी अदबीने झालं हं, आवाज एक पट्टी वर गेला नाही. "देखिए सरोज, नियम तो नियम है. अगली बार गेट-पास रद्द करना पड़ेगा." गेट-पास रद्द म्हणजे इमारतीत पाऊल ठेवायचं नाही, म्हणजे चारही घरं एका फटक्यात गेली. आणि हा माणूस रोज तिच्या हातच्या गरम रोट्या खात होता! तिने लाटलेलं पोटात चालतं, तिच्या शेजारी उभं राहणं चालत नाही. माझं टाळकंच सरकलं.

मी तरातरा काकूंकडे गेले. काकू मटार सोलत बसल्या होत्या. सरोज भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होती.

"काकू, मी यांना कोर्टात खेचते. संविधानाने अस्पृश्यता बंद करून पाऊणशे वर्षं झाली!"

"अगंबाई! मग बाजपेयींना कुणी कळवलं नाही वाटतं," काकू म्हणाल्या.

मी सगळं समजावून सांगितलं. अडचण अशी की फलकावर जातीचा एक शब्द नाही, फक्त काम लिहिलेलं आहे. या इमारतीत भांडी घासायला आणि संडास धुवायला कुठल्या वस्तीतल्या बाया येतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण कोर्टात ते म्हणणार, साहेब आम्ही जात बघितलीच नाही, आम्ही सोय बघितली. जगभर हेच चालतं. लंडनमध्ये एकाच इमारतीत श्रीमंतांना एक दार आणि कमी भाड्याच्या घरवाल्यांना दुसरं. ब्राझीलमध्ये तर लिफ्टमध्ये माणसामाणसांत भेद करू नका म्हणून वेगळे कायदे करावे लागले.

"कायद्याने होतं का मग?" काकूंनी विचारलं.

"होतं. पण वेळ लागतो."

"तोवर हिचे गुडघे थांबतील का?"

सरोजला आमचं मराठी अर्धंमुर्धं कळतं. ती म्हणाली, "दीदी, केस-वेस मत करना. पास गया तो हम क्या करेंगे?"

मी वकिली खोड म्हणून फलकावरची ओळ पुन्हा मनात वाचली. "एक गंमत आहे पण. अतिथी कोणाला म्हणायचं, हे यांनी कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे रहिवाशाने ज्याला बोलावलं तो अतिथी."

काकूंचा मटाराचा हात थांबला. एक दाणा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "सुनेत्रा, संक्रांत कधी आहे गं?"

मला क्षणभर काही कळेना, आणि कळलं तेव्हा मी ओरडलेच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी हळदीकुंकू करता येतं! आणि त्या वर्षी रथसप्तमी चांगली फेब्रुवारीत होती. एकच दिवस करायचं असा काही दंडक नाही. रोज केलं तर कोण नको म्हणणार?

आणि मग माझी जीभ अडखळली. "पण काकू... तुम्ही..."

"मी काय? विधवा? बोल की. मला ठाऊक आहे ते, मी होते तिथे." काकू हसल्या. "हेमाकडे दरवर्षी जाते ना मी हळदीकुंकवाला. आत, स्वयंपाकघरात. तिळाचे लाडू वळायला मी लागते. मग बाहेर बायका जमल्या की लाडू बाहेर जातात आणि मी आत बसते. एकदा तर चहापण विसरली गं बाई."

हेमाताई म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष, दुसऱ्या मजल्यावर राहतात. बाई वाईट नाहीत, पण रीत म्हणजे रीत. काकू हे सगळं इतक्या मजेत सांगत होत्या की मला त्यांच्या हसण्याचाच राग आला. इतकी वर्षं दर संक्रांतीला ही बाई पुढच्या खोलीतली हसणीखिदळणी आतून ऐकत होती आणि मला पत्ताही नव्हता.

"मग कोणाकोणाला बोलवायचं?" मी विचारलं.

"जिला कपाळ आहे तिला," काकू म्हणाल्या.

संक्रांतीच्या सकाळी काकू स्वतः गेटवर उतरल्या. वॉचमन जयसिंग फौजेतून निवृत्त झालेला, काकूंसमोर टाचा जुळवूनच उभा राहतो. काकूंनी सांगितलं, "जयसिंग, आज हमारे यहाँ त्योहार है. मेहमान आ रही हैं. अदब से ऊपर भेजना." मेहमान म्हटल्यावर लखनौचा माणूस पायघड्याच घालतो. सरोज आली, मागोमाग बाकीच्या दहा-बारा कामवाल्या आल्या, आणि जयसिंग मिशीत हसत लिफ्टचं दार धरून उभा राहिला. "तशरीफ ले जाइए, तशरीफ ले जाइए!"

वर सातव्या मजल्यावर धमाल. पाटावर हळदीकुंकवाची कोयरी, लखनौच्या चौक बाजारातून आणलेलं अत्तर, तिळगूळ. झाडूकाम करणारी शमीमा म्हणाली, कुंकू नको, तर काकूंनी तिच्या मनगटावर अत्तर चोळलं आणि म्हणाल्या, "तुझं अत्तर, तुझा लाडू, तुझं वाण. तिन्ही पक्की." वाण काय लुटलं असेल? गुडघ्याला लावायच्या मलमाची ट्यूब! बायका हसून हसून लोळल्या. मग पाहुण्या निघाल्या, त्याही लिफ्टनेच. आता परत जाताना पाहुणीने वाटेत एखाद्या मजल्यावर उतरून कुणाच्या घरी डोकावलं, आणि डोकावल्यावर तिथली चार भांडी घासली, तर तिला कोण अडवणार? ज्याचा त्याचा स्वभाव!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बाजपेयी लिफ्टपाशी येऊन उभे. "चंद्रप्रभाजी, ये रोज़-रोज़ कैसा त्योहार है?"

"हमारे यहाँ बड़ा लंबा चलता है, भैया. लीजिए, तिल-गुड़ लीजिए, मीठा बोलिए." काकूंनी त्यांच्या हातावर लाडू ठेवला. लाडू तोंडात असताना भांडायचं कसं?

लाडू संपल्यावर ते म्हणाले, "मेहमान ऐसे तो नहीं दिखते."

काकूंनी मान डोलावली. "बात तो सही है आपकी." आणि संध्याकाळी ट्रंक उघडली. लग्नातला शालू, दोन इरकली, एक पैठणी, सगळं बाहेर. दुसऱ्या सकाळी लिफ्टमधून उतरल्या त्या बायका पाहून बाजपेयींनी सवयीने हात जोडले, मग चेहरे ओळखले आणि हात तसेच हवेत राहिले. त्या दिवशी सरोजने त्यांच्या घरची फरशी इरकल नेसून पुसली.

सहाव्या मजल्यावरून एक दिवस काठी टेकत अम्मा वर आल्या. बाजपेयींची आई, ऐंशीला टेकलेली, नवरा जाऊन जमाना झालेला. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रोज़ हँसी सुनाई देती है. हमको नहीं बुलाया?"

"आइए ना, अम्मा. पर यहाँ माथे पर कुंकुम लगता है," काकू म्हणाल्या.

अम्मांनी थोडा विचार केला. "लगा दो. नीचे जाकर पोंछ लेंगे."

मग अम्मा रोजच येऊ लागल्या. सरोज त्यांना कुंकू लावायची, अम्मा तिला लावायच्या, आणि जाताना लिफ्टच्या आरशात बघून पदराच्या टोकाने कपाळ पुसून टाकायच्या. मुलाला कळता कामा नये ना. आणि काकू? काकू सगळ्यांना लावायच्या, स्वतःच्या कपाळाला मात्र कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. "मी यजमानीण, माझं काय?" म्हणून उडवून लावायच्या. एवढी धीट बाई, पण तिथे येऊन बिचकायची.

बाजपेयीही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. गेटपाशी हेमाताई भेटल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं की आमच्यात विधवा बाई हळदीकुंकू करत नाही. झालं! बाजपेयींनी रथसप्तमीच्या आदल्या रविवारी सोसायटीची सभा लावली. विषय एकच: खोटा सण दाखवून मुख्य लिफ्ट वापरल्याबद्दल सरोजचा गेट-पास रद्द करणे. बारा बायका लिफ्टने आल्या होत्या, पण नाव फक्त सरोजचं. एकीला उचललं की बाकीच्या जिन्याने जातात, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक.

सभा तळमजल्याच्या हॉलमध्ये, लिफ्टच्या समोरच. रहिवासी खुर्च्यांवर, कामवाल्या दाराशी उभ्या. सरोजचा चेहरा उतरलेला होता. मी नियमावली घेऊन भांडायच्या तयारीत, अतिथी, व्याख्या, सगळे मुद्दे पाठ. अम्माही आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

बाजपेयी उठले. आवाज साखरेसारखा. "हम किसी के त्योहार का अपमान नहीं करते. मगर हमने पता किया है. चंद्रप्रभाजी के समाज में विधवा हल्दी-कुंकुम कर ही नहीं सकती. तो त्योहार झूठा, और त्योहार झूठा तो मेहमान भी झूठे."

हेमाताई मान खाली घालून बांगड्या फिरवत बसल्या. मी काकूंकडे पाहिलं. या बाईला कधी उत्तर सुचलं नाही असं मी पाहिलेलं नव्हतं, आणि तेव्हा सुचत नव्हतं. त्या पिशवीचा बंद हातात घट्ट धरून नुसत्या बसल्या होत्या. मला इतकं वाईट वाटलं की मी तोंड उघडलं आणि माझा एकही मुद्दा बाहेर येईना.

तेवढ्यात काठी वाजली. अम्मा उठून उभ्या राहिल्या आणि मुलाकडे वळल्या. त्यांच्या कपाळावर सकाळचं कुंकू तसंच होतं, लालभडक. त्या दिवशी पुसलं नव्हतं.

"मधुसूदन," अम्मा म्हणाल्या, "हमारा माथा भी झूठा है?"

आईच्या कपाळाकडे बाजपेयींनी कित्येक वर्षांत पाहिलं नसावं.

"सरोज, डिबिया लाई हो?" अम्मांनी विचारलं. सरोजने कमरेची कोयरी काढली. "तो इनको भी लगाओ. सबको लगाती हैं, इनको कोई नहीं लगाता."

सरोज लंगडत काकूंपाशी गेली. काकू म्हणाल्या, "नको गं," अगदी लहान मुलीच्या आवाजात. सरोजने ऐकलं नाही. तिने हळद लावली, कुंकू लावलं, आणि काकू सगळ्या सभेसमोर रडल्या. मीही रडले, लाज कसली त्यात. मग मागून खुर्ची सरकली आणि हेमाताई पुढे आल्या. त्यांनी कोयरी सरोजच्या हातातून घेतली आणि काकूंना पुन्हा कुंकू लावलं. "काकू, उद्या माझ्याकडे या. बाहेरच्या खोलीत," त्या म्हणाल्या.

"चहा देशील ना पण?" काकूंनी डोळे पुसत विचारलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. बाई परत आली होती.

अम्मांनी सरोजचा हात धरला. "चलो, घुटने हमारे भी दुखते हैं. लिफ्ट से चलेंगे." कुणी अडवायच्या आत जयसिंगने दार उघडलं. अम्मा, सरोज, काकू, शमीमा, मी, हेमाताई आणि आणखी दोघी, अशा आम्ही खच्चून भरलो. बाजपेयी धावत आले. "अम्मा, बाहर आइए, सभा चल रही है," म्हणत त्यांनी एक पाय आत ठेवला, आणि लिफ्ट जोरात केकाटायला लागली. वजन जास्त झालं होतं.

कोण उतरणार? आम्ही सगळ्या बाजपेयींकडे पाहू लागलो.

"उतर जाओ, बेटा," अम्मा म्हणाल्या.

"सीढ़ियाँ उधर हैं, भैया," काकूंनी अतिशय अदबीने हात दाखवला. "तशरीफ ले जाइए."

बाजपेयी उतरले. दार लागलं.

सहाव्यावर पोचून आम्ही अम्मांना खुर्चीत बसवलं, सरोजने चहाचं आधण ठेवलं, तरी जिन्यात पावलांचा पत्ता नव्हता. बऱ्याच वेळाने बाजपेयी आले, कठडा धरून, भात्यासारखे फुसफुसत. दारात उभं राहायचंही त्राण नव्हतं, शेवटच्या पायरीवरच बसले. सरोज पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर गेली.

"पानी पी लीजिए, भैया," ती म्हणाली. "पहली बार में साँस फूलती ही है."

बाजपेयी पाणी प्यायले. तिच्या गुडघ्याला बांधलेल्या पट्टीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि बराच वेळ ते तिकडेच पाहत राहिले.

"कल से लिफ्ट से आना, सरोज," ते शेवटी म्हणाले.

सरोजने रिकामा ग्लास घेतला, पण हलली नाही. "मेहमान बनके आएँ, भैया? कि काम पर?"

मागे काकू काहीतरी बोलणार होत्या. मी त्यांचा हात दाबला.

"काम पर," बाजपेयी म्हणाले.